लोड किती?

“हा नको. तो मोबाइलवर दिसणारा दाखवा,” लेक म्हणाली आणि काउंटरवरचा स्वस्तातला कंट्रोलर तिने बोटाने बाजूला सारला.

वडिलांनी तो पुन्हा पुढे ओढला. मघापासून हेच चाललं होतं. सौर पॅनल आणि बॅटरी यांच्या मध्ये बसणारी, हातात मावेल एवढी ती पेटी. बॅटरी भरली की पॅनलला थांब म्हणायचं आणि बॅटरी फार उतरली की घरातला दिवा-पंखा तोडायचा, एवढंच तिचं काम. पण तिच्यावरून बापलेकीत चांगलीच जुंपली होती. दुकानदार दोघांकडेही बघून मान हलवत होता. पैसे नेमके कोण देणार हे कळेपर्यंत कुणाला दुखवायचं नाही, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

वडील निवृत्त बस ड्रायव्हर. उभा जन्म हॉर्न ऐकण्यात गेला. बायको गेल्यावर त्यांनी टेकडीमागे, विजेचे खांब संपतात त्याच्याही पुढे, एक खोली बांधली. एक पॅनल, एक लहान बॅटरी, खोलीभर उजेड पाडणारा मोठा दिवा, पंखा आणि मोबाइलचा चार्जर. संसार म्हणावा तर एवढाच. आता मागून कुणी हॉर्न मारत नाही, असं ते भेटेल त्याला खुशीत सांगायचे.

लेक खुशीत नव्हती. दोन दिवस आभाळ भरलेलं होतं आणि काल वडिलांचा फोन बंद लागला. दुपारी बंद, संध्याकाळी बंद. रात्रभर तिच्या मनात नाही नाही ते आलं. आज उजाडताच तिने गाडी काढली. पोचली तेव्हा वडील मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. बॅटरी उतरली म्हणून फोन उतरला होता, बाकी सगळं आलबेल. ती तिथेच पायरीवर बसून रडली. मग तिने त्यांना फैलावर घेतलं. मग भिंतीवरचा जुना कंट्रोलर काढला आणि त्याला आणि बापाला गाडीत घालून थेट या दुकानात आणलं.

इथेही तिला स्वस्थ बसवत नव्हतं. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती. ती एक खोकं उघडायची, मिटायची, दुसरं उघडायची, मध्येच मोबाइल बघायची. डोळे तांबारलेले होते. नवरा वेगळा राहायला लागल्यापासून घरी ती एकटीच होती. वडिलांना मात्र रोज सांगायची, मस्त चाललंय, जेवते आणि आडवी होते.

दुकानदाराने सांगून पाहिलं, एवढ्याशा पॅनलला तो महागडा कंट्रोलर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. साधा घ्या, दोन वर्षं बघायला नको. पण लेकीपुढे त्याचं काही चालेना. ढगाळ हवेत साधा कंट्रोलर पॅनलमधून किती वीज वाया घालवतो, महागडा ती कशी काढून घेतो, त्यात सिम घातलं की बॅटरी किती भरली, दिवा कधी लागला, हे घरबसल्या कसं दिसतं, सगळं तिने घडाघडा म्हणून दाखवलं. दुकानदार आ वासून ऐकत राहिला.

एवढं सगळं वाचलंस कधी, असं वडिलांनी विचारलं. मिळेल तेव्हा, असं म्हणून ती दुसरीकडे बघू लागली.

“मी काय टॅक्सी आहे, मला मीटर लावायला?” वडील म्हणाले. त्यांना खरोखरच राग आला होता. म्हातारा झालो म्हणून कुणी आपल्यावर पाळत ठेवावी, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

लेकीच्या हातातलं खोकं काउंटरवर आपटलं.

“बाबा, संध्याकाळी तुमचा दिवा लागलाय एवढं जरी मला दिसलं ना, तरी मी झोपेन हो.”

स्वस्तातला कंट्रोलर वडिलांनी स्वतःच्या हाताने खोक्यात घातला आणि दुकानदाराला म्हणाले, दे बाबा तिला हवा तो.

दुकानदाराने तोवर जुना कंट्रोलर आपल्या बॅटरीला जोडून पाहिला होता. त्याचे हिरवे-लाल दिवे नीट लागत होते. तो जरा ओशाळला. हातातलं गिऱ्हाईक जाणार हे त्याला दिसत होतं, पण खोटं बोलवेना. याला काहीच झालेलं नाही, तो म्हणाला. बॅटरी तळाला गेली, याने फक्त तिला वाचवलं. नवा घ्याल तोही हेच करेल.

मग त्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. लोड किती, म्हणजे काय काय चालतं आणि किती वेळ, ते एकेक करून विचारलं. पंखा दुपारचा. दिवा अंधार पडल्यावर. फोन एकदा चार्ज. त्याने बटणं दाबली, आकडा पाहिला, पुन्हा दाबली. एवढ्या लोडला ही बॅटरी दोन काय, तीन दिवस ऊन नसलं तरी पुरायला हवी होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. लेकीने संशयाने वडिलांकडे पाहिलं आणि चोरून टीव्ही आणलात का, असं विचारलं. वडिलांनी नाही म्हणून मान हलवली.

“काका, डॉक्टरला सांगतात तसं खरं सांगा,” दुकानदार म्हणाला, “रात्री दिवा बंद कधी करता?”

वडिलांनी काउंटरवर नजर लावली. सांगावं की नाही, असं त्यांना झालेलं दिसलं.

“ते माझ्या हातात कुठे आहे?” ते म्हणाले. “मोबाइलवर हिच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसतं ना, ते गेलं की करतो.”