चार झटके

माझा नवरा पाणबुड्या. बोटींचे तळ दुरुस्त करण्यात वीस वर्षं गेली, पण नव्या नियमाच्या सर्टिफिकेट परीक्षेत दोरीच्या खुणांवर गडी दोनदा नापास. तिसरी संधी शेवटची होती. मग मीच त्याच्या कमरेला कपड्यांची दोरी बांधली आणि महिनाभर स्वयंपाकघरातून ओढली. एक झटका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’, चार म्हणजे ‘असशील तिथून वर ये’.

परीक्षेला टाकीच्या काठावरून मिशाळ, खडूस परीक्षकांनी चार झटके दिले. नवरा शिस्तीत वर आला, तोंडातली नळी काढली आणि सवयीने म्हणाला, “आलो गं, आलो. किती ओढशील?”

परीक्षकांनी ‘पास’चा शिक्का मारला आणि हळूच म्हणाले,



“मला घरी सहा लागतात.”