वासराचा वाटा

रोशनच्या ढुंगणाची कातडी सोलून निघाली होती. दोन वर्षांचं पोर, वीस दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब. पांढरकवड्याच्या डॉक्टरनं त्याच्या फुगलेल्या पोटावर बोट वाजवलं अन् विचारलं, "दूध किती पिते?"

"तीन वाट्या," त्याची आई दिपाली म्हणाली. "आंधी दोन देत होती. वजन उतरलं म्हून ताईनं तीन सांगितल्या."

ताई म्हणजे अंगणवाडीची ममता. ती शेजारीच उभी होती.

"दुधात त्याची स्वतःची साखर असते," डॉक्टर म्हणाला. "आपण वरून टाकतो ती नाही. याच्या पोटाला ती पचत नाही. दूध बंद करा, जुलाब थांबतील."

एवढंच होतं. अन् ममतानं वीस दिवस दिपालीची नखं तपासली होती, पाण्याचं मडकं उपडं करून पाहिलं होतं. चारचौघींत सुनावलं होतं, "हात धूत जा गं जरा." कोलाम आदिवासीचं घर म्हणजे घाण, हे तिला प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. ते ती घरूनच शिकून आली होती.

परतताना दवाखान्याची जीप टेकडीखालीच थांबली. पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, टेकडीवर. अकरा वर्षं हा चढ चढून ममताचे गुडघे गेले होते. इथं गाईचं दूध कोणी काढत नाही. ते वासराचं, असं मानतात. वरच्या साहेबांनी त्याला अंधश्रद्धा म्हटलं अन् दुधाच्या पावडरच्या पुड्या पाठवल्या. रिकाम्या पुड्या परत घ्यायच्या, आकडा वर कळवायचा. ममतानं दारोदार घसा फोडला. आता पोडातली एकवीसच्या एकवीस पोरं दूध पीत होती. मागच्या आठवड्यात त्यासाठी तिला शाल अन् नारळ मिळाला.

दारात लेतूबाई बसली होती, दिपालीची सासू. दूध नको म्हणाली म्हणून ममतानं तिला दोनदा अडाणी म्हटलं होतं.

ममता तिच्यापुढं मातीतच बसली. "लेतूबाई, मी चुकली. रोशनले दूध पचत नाही. पण मंग बाकीच्या वीस पोरायले कसं पचते?"

म्हातारीनं गोठ्याकडं बोट केलं. वासरं तुकतुकीत दिसत होती.

"पोरायले कोन पाजते, बाई? पयल्याच पुडीत सगळ्यायची पोटं फुगली. तवापासून वासरायलेच पाजतो. तुयी नोकरी जाऊ नये म्हून पुड्या तेवढ्या वापस आनून देतो."

"अन् रोशन?"

लेतूबाईनं दिपालीकडं पाहिलं. ती पोराला खांद्यावर घेऊन उन्हातच उभी होती.

"माही सून सातवी शिकली ना. साऱ्या पोडात तुयं खरं मानलं ते हिनं एकटीनंच."