खडक वर आला

केशोरीचा खडक सकाळपासून चार सेंटिमीटर वर आला होता. लॅपटॉपवरची रेघ चेतनानं पुन्हा पुन्हा तपासली. भूकंप नाही, काही नाही, अन् खडक कसा वर येईल?

गावच्या तलावाकाठच्या त्या खडकावर तिनं बनवलेलं यंत्र महिनाभर चाचणीला ठेवलं होतं. उपग्रहांचे संदेश झेलून खडकाची उंची मापायची अन् कळवायची, एवढंच त्याचं काम. अंटार्क्टिकावर बर्फ वितळला की वरचं ओझं कमी होतं, खालचा खडक केसभर वर येतो. तिथं हिवाळ्यात खडकावर जाऊन मोजणं माणसाला जमत नाही, म्हणून अशी यंत्रं. आज चाचणी संपत होती. यंत्र पास झालं तर ते जहाजावर चढणार, सोबत चेतनाही. नाहीतर दोघंही घरीच.

मोहिमेच्या प्रफुल सरांचा फोन आलाच. "चेतना, रेघ पाहिलीस? यंत्र बिघडलंय. यंदा राहू दे."

"माझं यंत्र खोटं बोलत नाही सर. अर्धा तास द्या."

तिनं स्कूटी दामटली. खडकावर वडील, जागेश्वर, उकिडवे बसले होते. यंत्र लाकडी पाटावर विराजमान! वर हळदीकुंकू, समोर निरांजन अन् दहीसाखरेची वाटी.

"बाबा! हात कायले लावला?"

"काऊन, काय झालं? तूच म्हणाली ना, आज मशीन जाऊन राहिली म्हणून. एवढ्या दूर जाणाऱ्याले का भुईवरूनच धाडावं? तुले नागपूरले धाडलं तेव्हाबी पाटावर बसवून ओवाळलं होतं."

"महिन्याची मेहनत मातीत घातली तुमी!"

जागेश्वरांचा चेहरा पडला. "मले का माहीत, बाई," ते पुटपुटले.

चेतनाला रडूच येणार होतं. पण तिची नजर पाटावर गेली अन् तिथंच थांबली. तिनं पिशवीतून पट्टी काढली, पाटाची उंची मोजली. पुन्हा मोजली. मग खदखदून हसत फोन लावला.

"सर, खडक जागेवरच आहे. बाबांनी यंत्राखाली पाट सरकवला. पाट जेवढा उंच, तेवढाच आकडा आलाय. मिलिमीटरचा फरक नाही. फोटो पाठवते."

फोटो पाहताच सर हसले. "अशी चाचणी तर आपल्या यादीतही नव्हती," ते म्हणाले. "बांध पेटी. तुझीही बॅग भर."

"काय म्हणते साहेब?" जागेश्वरांनी भीतभीत विचारलं.

"जाऊन राहिलो, बाबा. मशीनबी, मीबी."

जागेश्वरांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. यंत्र दोन्ही हातांनी अलगद उचलून बाजूला ठेवलं, अन् दहीसाखरेची वाटी हाती घेतली.

"मशीनले तं तोंडच नाही," ते म्हणाले. "तू बस पाटावर."