करमळाचं आळं

"तुमची कळशी आज भरायची न्हाई, काकू," बबनराव म्हणाला आणि त्यानं हौदाच्या तोटीवर हात ठेवला.

वत्सलाबाईंनी कळशी खाली टेकली नाही. कमरेवर होती तशीच राहू दिली. मागं रांगेतल्या बाया पुढं वाकून बघू लागल्या.

"कावून रे बाबा?"

"आज सोमवार. तुमचा निर्जळी उपास. आन् उपासाच्या दिवशी तुमच्या वाटणीचं पाणी कुठं जातं, ते सगळ्या गावाला ठावं हाय."

बबनराव सोसायटीचा अध्यक्ष. टँकर आला की हौदात रिकामा करायचा आणि माणशी एक कळशी द्यायची, हा नेम त्याचाच. स्वतःच्या घरालाही त्यानं कधी थेंब जास्त नेला नाही. मोसंबीची बाग उभी वाळली तेव्हा कुऱ्हाडसुद्धा त्यानं आपल्याच हातानं चालवली होती. म्हणून त्याच्या शब्दाला मान होता, आणि म्हणूनच वत्सलाबाईंच्या परसातलं हिरवंगार झाड त्याच्या डोळ्यांत सलत होतं.

झाड करमळाचं. नदीकाठी, चिखलात पाय रोवून वाढणारं. ऊसतोडीला गेल्या होत्या तेव्हा वारणेच्या काठावर पडलेलं एक फळ वत्सलाबाईंनी ओटीत बांधून आणलं आणि मोरीच्या तोंडाशी त्याचं बी टोचलं. मोरी आता कोरडी ठणठणीत होती. झाड मात्र छपराच्या वर गेलं होतं आणि यंदा पहिल्यांदाच त्याला कळ्या धरल्या होत्या, हिरव्या, मुठीएवढ्या. रोज एखादी गळून पडत होती. म्हणून वत्सलाबाईंनी नेम धरला होता: उपासाच्या दिवशी आपलं पाणी झाडाला, आणि झाड प्याल्याशिवाय उपास सोडायचा नाही.

"माझ्या वाटणीचं मी पीत न्हाई, झाड पितं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यात सोसायटीचं काय गेलं?"

"प्यायचं न्हाई तर हौदात ऱ्हाऊ द्या. आंबा असता तर मी समजलो असतो. हे पाणथळीतलं झाड. आपल्या मुलखात त्यानं जगावंच कावून?"

"उगवताना त्यानं मुलूख पुसला न्हाई बाबा. मीबी सांगितला न्हाई."

रांगेतली छबुबाई फिसकन हसली. ते बबनरावाला झोंबलं.

"मंग सगळ्याच ऐका," त्यानं आवाज चढवला. "जिचा ज्या दिवशी निर्जळी उपास, त्या दिवशी तिची कळशी बंद. सोमवार असू द्या न्हाईतर एकादशी."

वत्सलाबाईंनी रिकामी कळशी सावरली. "बरं. पर आजपासनं माझे वार महादेवाला ठावं. कुणाला सांगायची न्हाई. बोलून दाखवला की उपासाचं पुण्य जातं. तुझ्याच आईनं शिकवलंय मला."

त्या तशाच घरी गेल्या. संध्याकाळी सुनेनं, शिवकन्येनं, आपल्या कळशीतला तांब्या पुढं केला. "आत्या, घोटभर तरी घ्या."

"झाड कुठं प्यालंय अजून?"

मंगळवारी सकाळी बबनराव तोटीपाशी उभा राहून एकेकीला विचारत होता, "आज उपास हाय का?"

पहिलीनं पदर तोंडाला लावला. दुसरीनं हौदाकडं पाहिलं. छबुबाई म्हणाली, "आसं पुसत्यात का बायामाणसाला, अध्यक्ष? पुण्य जातं ना." वत्सलाबाईंचा नंबर आला, तेव्हा त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यांनी नुसती कळशी तोटीखाली धरली. देवळात जाऊन आल्याशिवाय चहासुद्धा न घेणारा बबनराव. त्याच्यानं पुढं रेटवेना. त्यानं कळशी भरली. सगळ्यांच्याच भरल्या.

बाकीच्या बाया भराभर पुढं निघून गेल्या. घराकडं हळूहळू चालताना वत्सलाबाईंच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. शिवकन्येनं मधे कळशी घ्यायला हात लावला, तो त्यांनी बाजूला केला. परसात आल्या आणि झाडापाशी थबकल्या.

आळं भरलेलं होतं. पाणी अजून मुरतच होतं. काठच्या ओल्या मातीत पावलं उमटली होती, लहान, मोठी, भेगाळलेली. एका पावलाच्या बोटाशी जोडव्याची गोल खूण होती.

कुडापलीकडून बबनराव बघत होता. माग काढत आला असावा.

"कुणाकुणाचा उपास हाय हा, काकू?"

वत्सलाबाई पायरीवर बसल्या. कळशीत तांब्या बुडवला, झाडाकडं बघत डोळे मिटले, हात जोडले. मग तांब्या तोंडाला लावला आणि सावकाश, घटाघटा आवाज होईल असा, तळापर्यंत रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.

"माझा तर आत्ताच सुटला," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं तू देवाला पूस."