नेलपॉलिशचा ठिपका

खाऱ्या हवेनं माझ्या गाडीचा पत्रा गंजला होता. वेल्डिंगच्या करंटनं इंजिनचा कॉम्प्युटर जळू नये, म्हणून गोखिवऱ्याच्या इनास मेकॅनिकनं तो डॅशबोर्डखालून काढून मागच्या घरात, क्रुसाखालच्या फळीवर ठेवला. गॅरेजवाले कॉम्प्युटरचे हे डबे परस्पर बदलतात, असं ऑफिसात ऐकलं होतं. म्हणून मी त्यावर आधीच बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. संध्याकाळी इनास डबा परत बसवू लागला, तेव्हा ठिपका दिसेना. “बदललास ना? माझी खूण कुठंय?” मी चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. इनासची बायको घरातून धावत आली. तिनं केरातून काढलेला लाल कापूस माझ्यापुढे धरला. “भाऊ, क्रुसाखाली ठेवायचं म्हणून डाग मीच थिनर लावून पुसला. तुमची खूण आहे, ठाऊक नव्हतं. चुकलं माझं.” मला मान वर करवेना. “असू दे,” कापसाकडे बघत मी म्हणालो.