हात खाली

"दुखलं तर डावा हात वर करा, सर," शलाका म्हणाली. जिला त्यांनी हाताखाली दंतवैद्य म्हणून घडवलं, तिच्यापुढे डॉक्टर केळुसकर आज स्वतःच्याच क्लिनिकमधल्या खुर्चीत आ वासून पडले होते.

ड्रिल सुरू झालं. भूल नीट चढली नव्हती. कळ थेट मस्तकात गेली. त्यांनी हात वर केला.

"हात खाली. झालंच." ड्रिल थांबलं नाही. शब्द त्यांचे, सूरही त्यांचाच.

दिव्याच्या काचेत त्यांना आपला हात दिसला. त्याच्यामागे दुसरा, हिरव्या बांगड्यांचा. मग एक चिमुकला, थरथरता. याच खुर्चीत वर झालेले, त्यांनी कधीच न जुमानलेले हात काचेत मावेनात. डोळे गच्च मिटले, तरी ते हात खाली जाईनात.

"बघा, दुखलं का काही?" मास्क काढत तिनं विचारलं. तेही त्यांचंच वाक्य.

आजवर प्रत्येक पेशंट जे म्हणत आला, तेच ते पुटपुटले, "नाही, डॉक्टर."