ओला अंगठा

डोंगरावरच्या जुन्या वाटेचे बाण रंगवायचं काम दरवर्षी रंगाऱ्याकडेच असायचं. चढता चढता तो दगडांवर पिवळे बाण काढायचा आणि प्रत्येकाच्या शेपटीशी ओल्या रंगात अंगठा उमटवायचा. घरी विचारपूस करणारं कोणी उरलं नव्हतं. आपण येऊन गेलो हे निदान डोंगराला तरी कळावं.

दुपारी वरच्या पडक्या दरवाजाशी शेवटचा बाण काढून, रंगाचा डबा रिकामा करून तो परत फिरला.

अर्ध्या वाटेत एक बाई चढत येताना दिसली. "काका, दोघांनी मिळून छान रंगवलीत हो वाट!"

"दोघं कुठले? मी एकटाच आहे."

"मग खाली दगडापाशी वाकलेत ते कोण? मी बोलले तर मान वर करतील तर शपथ!" हसत हसत ती पुढे गेली.

पुढचा बाण उन्हात खडखडीत वाळला होता. पण त्याच्या अंगठ्याशेजारी आणखी एक अंगठा होता, ओला. त्याखालच्या बाणाशीही होता, जास्त ओला. तो हाका मारत झपाझप उतरला. कोणी ओ दिली नाही. पायथ्याच्या दगडावरचा ठसा तर अजून ओघळत होता.

समोरच त्याची खोली होती. दारावर पिवळा बाण होता, टोक कुलपाकडे. कुलूप सकाळी लावलं तसंच होतं.

त्यानं खिशातून किल्ली काढली, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.